शेवटच्या टाक्याआधीची वीस मिनिटं

भूल देण्याआधी पेशंटला विचारायच्या प्रश्नांत दमा, रक्तदाब, साखर, आधीची ऑपरेशनं, हलणारे दात असं सगळं येतं. त्यात मी एक प्रश्न कधीच गाळत नाही : "गाडी लागते का?" पेशंट जरा गोंधळतात. पित्ताशय काढायचंय आणि या मॅडम एसटीच्या प्रवासाचं काय विचारताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण उत्तर बहुधा लगेच येतं. "लागते की हो! आंबा घाट उतरेपर्यंत माझं काही खरं नसतं."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या छोट्या-मोठ्या नर्सिंग होममध्ये मी भूल देते. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. ज्याला घाटात गाडी लागते त्याला भुलीनंतर उलट्या होण्याची शक्यता जास्त, हे आता माझ्याबरोबरच्या सिस्टरनाही पाठ झालंय. ख्रिस्तियान आप्फेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली यासाठी चार साध्या खुणा मांडल्या. पेशंट बाई असणं, बिडी-सिगारेट न ओढणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, आणि ऑपरेशननंतर दुखण्यासाठी अफूवर्गातली औषधं लागणं. यातलं एकही नसेल तर उलटीची शक्यता साधारण १० टक्के. मग एकेका खुणेगणिक ती २०, ४०, ६० अशी वाढत जाते आणि चारही असतील तर ८० टक्क्यांच्या आसपास पोचते. आपल्याकडच्या बायका बहुधा धूम्रपान करत नाहीत, म्हणजे दोन खुणा दारातून आत येतानाच जमा असतात. गाडी लागते का, हा प्रश्न तिसरी खूण शोधतो.

मळमळ हा किरकोळ त्रास आहे असं मानायची आपल्या धंद्यात सवय आहे. मला ते कधीच पटलं नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पेशंटना विचारलं होतं, भुलीनंतरच्या कुठल्या गोष्टी तुम्हाला सगळ्यात नकोशा वाटतात? पहिल्या क्रमांकावर उलटी होती. दुखण्याच्याही वर. पोटावर ताजे टाके आणि त्यातच कोरड्या उबळी, हे ज्याने सोसलंय त्याला याचं नवल वाटणार नाही. दुसऱ्या बाळंतपणाच्या सिझेरियनला आलेली बाई मला पुष्कळदा पहिल्या वेळच्या दुखण्याबद्दल काही सांगत नाही. ती सांगते, "मागच्या वेळी उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. तेवढं बघा."

ते बघायचं तर औषध आहेच. ऑन्डॅनसेट्रॉन. आमच्या भागात त्याला कुणी या नावाने हाक मारत नाही, सगळे एमसेटच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते आधी कॅन्सरच्या केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी. आतड्यातल्या पेशींतून सिरोटोनिन सुटतं, ते व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूला चेतवतं आणि तो निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राकडे जातो. ऑन्डॅनसेट्रॉन हा निरोप वाटेतच अडवतं. स्वस्त आहे, गुंगी आणत नाही, तोंड-मान वाकडी करत नाही. आधीच्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडने एखाद्या तरुण पेशंटची मान एका बाजूला वळून डोळे वर लागत, आणि घरच्यांचा धीर सुटत असे. तो प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना एमसेटचं मोल कळतं.

अडचण औषधाची नाही, घड्याळाची आहे. आदल्या रात्री वॉर्डात ऑर्डर लिहिली जाते : रात्री बारानंतर उपाशी, सकाळी आठला आम्लपित्ताचं रॅनटॅक आणि एमसेट. कुणी, कधी ही रीत पाडली कोण जाणे, पण ती छापील कागदावरच असते. आता पेशंट यादीत तिसरी. मध्येच एक तातडीचं सिझेरियन आलं, लाइट गेली, सर्जन दुसऱ्या गावाहून उशिरा निघाले. आठला दिलेलं औषध आणि दुपारी दोनला संपणारं ऑपरेशन. ऑन्डॅनसेट्रॉनचं रक्तातलं प्रमाण मोठ्या माणसात साधारण तीन ते चार तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे पेशंट शुद्धीवर येते तेव्हा, नेमकी मळमळ सुरू व्हायच्या वेळेला, औषध ओसरायला लागलेलं असतं. मग रिकव्हरीत उलटी झाली की काय देतात? पुन्हा एमसेट. तेच औषध, त्याच जागी. अपयशी ठरलेलं औषध लगेच पुन्हा दिल्याने फारसा फायदा होत नाही, दुसऱ्या वर्गातलं औषध द्यावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. आमच्या ट्रॉलीत मात्र हाताला पहिली तीच काचेची कुपी लागते.

उलटीवरच्या प्रत्येक औषधाची आपली वेळ आहे. डेक्सामेथासोन सावकाश काम करतं, त्याला दोनेक तास लागतात. म्हणून ते सुरुवातीलाच द्यायचं, पण पेशंटला झोप लागल्यावर, कारण जागेपणी भरकन दिलं तर नाजूक भागात असह्य आग होते आणि पेशंट अक्षरशः टेबलावर उठून बसते. पॅलोनोसेट्रॉन शरीरात जवळजवळ ४० तास रेंगाळतं, तेव्हा तेही सुरुवातीला दिलेलं चालतं. ऑन्डॅनसेट्रॉन मात्र ऑपरेशन संपत आल्यावर. हे काही नवं ज्ञान नाही, नव्वदच्या दशकातच अभ्यास झालेत. तरी छापील कागदावरची आठची वेळ हलत नाही.

आता हृदयाकडे येते, कारण मला खरं तर तेच सांगायचं आहे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत व्हावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतं, ठरावीक वाटांनी. ईसीजीवर ठोक्याच्या सुरुवातीपासून टी-लाटेच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. पोटॅशियमची ती वाट थोडी अडली की क्यूटी लांबतं. फार लांबलं, नाडीच्या गतीप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला, की एका विशिष्ट जीवघेण्या तालाची भीती असते. मॉनिटरवरचे उंच सुळके मधल्या रेषेभोवती पीळ घेत फिरायला लागतात. १९६६ मध्ये देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरने तो प्रथम वर्णन केला. त्याला टोर्साड म्हणतात. मी शिकत असताना एका म्हातारीच्या मॉनिटरवर तो पाहिला. पोटॅशियम कमी, नाडी संथ, लघवीची गोळी सुरू, आणि वर आणखी दोन-तीन औषधं. कुठल्या एका औषधाने झालं असं बोट दाखवता येईना. मॅग्नेशियम दिलं आणि ती वाचली. त्या औषधांतलं प्रत्येक औषध स्वतंत्रपणे पाहिलं तर बरोबरच होतं, ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून बसली आहे.

ऑन्डॅनसेट्रॉन ही पोटॅशियमची वाट थोडी अडवतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३२ मिलिग्रॅमचा एकच मोठा शिरेतला डोस बंद करायला सांगितलं, कारण त्याने क्यूटी सरासरी २० मिलिसेकंद लांबल्याचं दिसलं. ८ मिलिग्रॅमला तेच ६ होतं. हे निरोगी माणसांवरचे आकडे. पण त्याच्या आधीच, २००५ मध्ये, फ्रान्समधल्या एका गटाने ऑपरेशननंतर उलट्या होणाऱ्या खऱ्या पेशंटवर मोजून पाहिलं होतं. ४ मिलिग्रॅम ऑन्डॅनसेट्रॉनने क्यूटी सुमारे २० मिलिसेकंद लांबलं, आणि ड्रॉपेरिडॉलच्या छोट्या डोसने १७. परिणाम तीन मिनिटांतच शिखरावर पोचला होता.

या दोन आकड्यांमागे एक इतिहास आहे. ड्रॉपेरिडॉल हे उलटीवरचं जुनं, गुणी औषध. अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये त्यावर काळ्या चौकटीतली सूचना छापली गेली : क्यूटी लांबतं, टोर्साड होऊ शकतो. भूलतज्ज्ञांनी छोट्या डोसात वर्षानुवर्षं ते निर्धास्त वापरलं होतं. सूचना येताच ते कपाटातून नाहीसं झालं आणि त्याची जागा ऑन्डॅनसेट्रॉनने घेतली, कारण ते सुरक्षित होतं. मग कुणीतरी ते सुरक्षित औषधही त्याच पट्टीने मोजलं. मला यात कुणाची चूक दिसत नाही, पण एका औषधाची भीती बसली की दुसऱ्याची तपासणी करायचं आपण विसरतो, हे दिसतं. निरोगी, पोटॅशियम नीट असलेल्या पेशंटला ४ मिलिग्रॅमने काही होत नाही, हेही तितकंच खरं. मी ते रोज देते आणि देत राहीन. प्रश्न आहे तो बाकीच्यांचा.

आणि इथे घड्याळ पुन्हा आडवं येतं. पोटाच्या दृष्टीने ऑन्डॅनसेट्रॉनची योग्य वेळ ऑपरेशनच्या शेवटी. पण हृदयाच्या दृष्टीने तीच वेळ सगळ्यात गर्दीची. श्वासातून दिलेलं भुलीचं औषध, सेव्होफ्लुरेन, अजून फुप्फुसात आहे, तेही क्यूटी लांबवतं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा, निओस्टिग्मिन, त्याच दोन मिनिटांत द्यायचा असतो आणि तोही क्यूटीला हात लावतो. ऑपरेशन थिएटर गार असतं, पेशंटचं अंग थंडावलेलं असतं. श्वासाची नळी काढताना शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा येतो. सर्जन हातमोजे काढत असतात, सिस्टर पुढच्या केसची ट्रॉली लावत असतात, आणि त्याच क्षणी मॉनिटरवरची नजर हलते. अशा वेळी एका हाताने एमसेट ढकलून देणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून मी ते शेवटच्या टाक्याच्या वीसेक मिनिटं आधी देते, दोन ते पाच मिनिटं घेऊन, सावकाश, पडद्याकडे पाहत. त्याचं शिखर येऊन ओसरायला लागतं, मगच मी उतारा भरते. सर्जनला मी आधीच सांगून ठेवते, "अर्धा तास उरला की बोला." सुरुवातीला काहीजण हसायचे. आता बरेचजण आपणहून सांगतात, "मॅडम, फॅशिया शिवायला घेतोय." म्हणजे कातडीखालचा मजबूत थर, शेवट जवळ आल्याची खूण.

हे सगळं एकत्र ज्या पेशंटच्या वेळी आलं, तिच्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. पन्हाळ्याच्या बाजूची, चाळिशीतली बाई, पित्ताशयात खडे, वारंवार सूज. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर उपचार सुरू होते, थुंकी तपासणीत जंतू दिसायचे बंद झाले होते. तिच्या गोळ्यांच्या पुड्यात बेडाक्विलिन होतं, क्लोफॅझिमिन होतं, लिव्होफ्लॉक्सासिन होतं. बेडाक्विलिनने कितीतरी लोकांना जगवलंय. आपल्या सरकारी टीबी कार्यक्रमात ते २०१६ पासून मिळायला लागलं. पण हे तिन्ही क्यूटी लांबवतात, म्हणूनच टीबी केंद्रात या पेशंटचे वेळोवेळी ईसीजी काढतात. तिला या गोळ्यांनी मळमळायचं, त्यात पित्ताशयाची उलटी. म्हणून वॉर्डात दर आठ तासांनी काय चालू होतं? एमसेट.

"गाडी लागते का?" मी विचारलं. तिच्याआधी सासूच म्हणाली, "रिक्षासुद्धा लागती तिला."

चारातल्या चारही खुणा. उलटीचा सगळ्यात जास्त धोका ज्या पेशंटला, तिलाच उलटीचं नेहमीचं औषध द्यायला हृदयाची आडकाठी.

मशीनने छापलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही, क्यूटी हाताने मोजते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. दुसऱ्या कागदाच्या कडेवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि चौकोन मोजायचे. तिचे ११ भरले, म्हणजे ४४०. नाडी ७५. बॅझेटच्या १९२० च्या सूत्राने दुरुस्त आकडा ४९२ येतो. त्याच वर्षीच्या फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४७४. टीबीच्या उपचारात फ्रिडेरिशियाचा आकडा धरतात, मीही तोच धरला, पण ४७४ सुद्धा स्वस्थ बसू देणारा नव्हता. पोटॅशियम ३.१ आलं. इतक्या उलट्या झाल्यावर दुसरं काय येणार?

सर्जनना म्हटलं, दोन दिवस द्या. त्यांची यादी लागलेली होती, नाराजी झाली, मी समजू शकते. टीबीच्या डॉक्टरांना फोन केला. बेडाक्विलिन दोन दिवस थांबवून उपयोग नव्हता, ते शरीरात महिनोन्‌महिने राहतं. क्लोफॅझिमिनचंही तसंच. शरीरात आधीच असलेलं काढणं आमच्या हातात नव्हतं. त्यात आणखी काय घालायचं नाही, एवढंच होतं. एमसेटची ऑर्डर मी स्वतः काट मारून बंद केली आणि सिस्टरना कारण समजावून सांगितलं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरून काढलं. दोन दिवसांनी पोटॅशियम ४.२, क्यूटी अर्धा चौकोन आखूड, दुरुस्त आकडा ४५२. आता बोलता येण्यासारखं होतं.

सेव्होफ्लुरेन टाळून पूर्ण भूल शिरेतून, प्रोपोफॉलच्या धारेवर दिली. प्रोपोफॉल स्वतःच मळमळ कमी करतं, आप्फेल यांच्याच पाच हजारांवर पेशंटच्या २००४ सालच्या मोठ्या अभ्यासात ते दिसलं होतं. झोप लागल्यावर डेक्सामेथासोन. त्याबरोबर पॅलोनोसेट्रॉन, जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुद्दाम मागवलेलं. त्याचा क्यूटीवर लक्षणीय परिणाम निरोगी माणसांच्या चाचण्यांत दिसलेला नाही, आणि सुरुवातीलाच देऊन टाकल्याने शेवटच्या गर्दीत काही घालायचं उरत नाही. दुर्बिणीच्या भोकांच्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, अफूवर्गातलं फेंटॅनिल जेमतेम. निओस्टिग्मिनऐवजी सुगामाडेक्स, महाग असलं तरी. अंगावर गरम हवेचं पांघरूण. मॅग्नेशियम सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं, शॉकचं मशीन चालू करून जवळ घेतलेलं. ऑपरेशन तासाभरात झालं आणि शेवटच्या वीस मिनिटांत मला मॉनिटर पाहण्याशिवाय काही करावं लागलं नाही.

संध्याकाळी तिला थोडं ढवळलं. मी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या रेघेखाली तीन बोटं सोडून, दोन कंडरांमधल्या जागी सासूचा अंगठा ठेवला आणि दाबून धरायला सांगितलं. ही जागा चिनी वैद्यकातली. तिथे दाब दिल्याने मळमळ कमी होते, याला बऱ्यापैकी अभ्यासांचा आधार आहे, आणि कुठलंच क्यूटी त्यामुळे लांबत नाही. सासूबाईंनी अर्धा तास अंगठा हलवला नाही. उलटी झाली नाही. रात्रीच्या ईसीजीत आकडा ४५६.

मळमळ झाली की औषध, हा हिशेब सिझेरियनच्या वेळीही चुकतो. पाठीत इंजेक्शन दिल्यावर पाच-सात मिनिटांत बाई म्हणते, "मॅडम, कसंतरी होतंय." नव्या डॉक्टरचा हात लगेच एमसेटकडे जातो. पण ती मळमळ बहुतेक वेळा रक्तदाब पडल्याची असते. मशीनचा पट्टा फुगून आकडा दाखवायच्या आधी बाईलाच ते कळलेलं असतं. तिला हवं असतं ते फिनाइलएफ्रिन आणि डावीकडे कलणं. रक्तदाब वर आला की मळमळ औषधाविना जाते. आश्चर्य असं की तेच ऑन्डॅनसेट्रॉन पाठीतल्या इंजेक्शनच्या पाच मिनिटं आधी दिलं तर रक्तदाब कमी प्रमाणात घसरतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. तोच डोस, तीच बाई. पाच मिनिटं आधी दिला तर उपयोगी, सात मिनिटांनी दिला तर खऱ्या कारणावर पडदा.

आता ज्या नर्सिंग होममध्ये मी नेहमी जाते, तिथल्या दोन ठिकाणी छापील कागद बदलला आहे. "सकाळी आठ" जाऊन तिथे "भूलतज्ज्ञ ठरवतील" असं आलंय, आणि खाली एक मोकळी ओळ आहे : इतर चालू औषधं. त्या ओळीत काय-काय निघतं! मनाच्या आजारावरची एस्सिटॅलोप्रॅम, घशासाठी कालच सुरू केलेलं अझिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, संधिवाताची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. यातलं प्रत्येक क्यूटी लांबवणारं, आणि पेशंटला ते सांगण्याजोगं वाटलेलंच नसतं, कारण ऑपरेशन तर पोटाचं असतं.

घरी जाताना पेशंटला मळमळीच्या गोळ्या द्याव्या लागतातच, कारण हा त्रास चोवीस तासांपर्यंत डोकं वर काढतो आणि दुपारी सुटलेली बाई संध्याकाळी वळणावळणाच्या रस्त्याने गावी जात असते. त्या कार्डावर मी आता मोठ्या अक्षरांत मराठीतून लिहिते : या गोळ्या चालू असताना गावातल्या डॉक्टरांनी दुसरं कुठलंही औषध दिलं तर त्यांना हे कार्ड आधी दाखवा. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर गोळी घेऊ नका, जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायला सांगा. खाली माझा फोन नंबर असतो.